कोकणात उतरण्याआधी मुंबईत एक दिवस: सायकलवाल्यांसाठी

नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक अशा बाजूंनी सायकलवर निघून कोकण किनारा गाठायचा तर वाटेत मुंबई येते. पहिल्यांदाच लांबच्या मोहिमेवर निघालेले बहुतेक जण वेळापत्रकात तिथे ‘रेस्ट डे आणि मुंबई दर्शन’ असं लिहून मोकळे होतात. घोटाळा तिथेच होतो. मुंबई दर्शन म्हणजे रेल्वेचे जिने, दर्शनाच्या रांगा, फूटपाथवरची रेटारेटी आणि उन्हात उभं राहून काढलेले फोटो. आदल्या दिवशीच्या शंभर किलोमीटरनी पायांचं जे झालं नसेल ते या दिवसात होतं.

मी गिरगावात राहतो आणि हिवाळ्यात असे सायकलवाले पाहुणे आमच्याकडे येत-जात असतात. माझं त्यांना एकच सांगणं असतं, मुंबई बसून बघा. बसचा वरचा मजला, मैदानातली सावली, इराण्याची खुर्ची, नाट्यगृह, बोट... बसून बघण्यासारखं इथे इतकं आहे की उभं राहून बघायच्या गोष्टी पुढच्या खेपेला ठेवल्या तरी काही बिघडत नाही.

आधी वार ठरवा

विश्रांतीचा दिवस रविवारी आणा. शुक्रवारी रात्री ठाणे-भिवंडी भागात मुक्काम, शनिवारी पहाटे शहरात प्रवेश, रविवारी आराम आणि सोमवारी सकाळी बोटीने अलिबागकडे, असा हिशेब जमवा. त्यासाठी आधीच्या टप्प्यांत एखादा दिवस मागेपुढे करावा लागला तरी करा.

कारणं सांगतो. रविवारी फोर्टमधली कचेऱ्यांची गर्दी नसते, त्यामुळे शहराचा सगळ्यात देखणा भाग मोकळा मिळतो. नाटकांचे प्रयोग रविवारी सर्वाधिक असतात. शिवाय अलिबागला जाणारी मुंबईकरांची झुंबड शनिवारी सकाळी जाते आणि रविवारी संध्याकाळी परतते, म्हणून सोमवारी सकाळची बोट तुम्हाला निवांत मिळते.

रविवारचा तोटा म्हणजे मेगाब्लॉक. देखभालीसाठी रेल्वे काही मार्गांवर काही तास गाड्या बंद ठेवते किंवा वळवते. कोणत्या मार्गावर, किती ते किती, हे आदल्या दिवशी जाहीर होतं, तेवढं शनिवारी संध्याकाळी बघून ठेवा. रविवार जमतच नसेल तर एवढं लक्षात असू द्या: घारापुरीची लेणी सोमवारी बंद, राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, आणि सिद्धिविनायकाला मंगळवारी जाण्याचा विचारही नको.

पुण्याहून निघणाऱ्यांनी हा खटाटोप करू नये. दीड दिवसाच्या सायकलिंगनंतर विश्रांती कसली? सरळ बोट पकडा आणि आरामाचा दिवस पुढे श्रीवर्धन किंवा गुहागरला घ्या.

शहरात शिरताना

ठाण्याहून पहाटे साडेपाचपर्यंत निघालात तर पूर्व द्रुतगती मार्गावर अवजड वाहनं असतात, पण गाड्यांचा पूर अजून आलेला नसतो. दिवे पुढे-मागे दोन्हीकडे लावा. सायनला पोचलात की डॉ. आंबेडकर रस्ता धरा: दादर, परळ, भायखळा, आणि सरळ खाली. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला गेली ते अंतर ३४ किलोमीटर होतं. तुम्ही जवळपास तेच उलटं कापत असता.

मोबाइलवरचा नकाशा मोटारीच्या पर्यायावर ठेवू नका. तो तुम्हाला पूर्व मुक्त मार्गावर किंवा सागरी सेतूवर नेऊन उभं करेल. पूर्व मुक्त मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता आणि अटल सेतू या चारही ठिकाणी सायकलला बंदी आहे. भायखळ्यानंतर लागणाऱ्या जेजे उड्डाणपुलावर दुचाकींना मनाई आहे, तेव्हा पुलाखालून मोहम्मद अली रोडने या. सकाळी सातच्या आत तो रस्ता शांत असतो, दहानंतर तिथून सायकल हातात धरून चालणंही कठीण.

पालघरकडून येणाऱ्यांना वेगळीच मजा आहे. वसई ते भाईंदर रो-रो (मोटारीही नेणारी बोट), पुढे मनोरी ते मार्वे आणि मढ ते वर्सोवा अशा फेरी बोटी पकडत महामार्गाचा बराच भाग टाळता येतो.

सायकल कुठे झोपणार?

हा प्रश्न स्वतःच्या खोलीआधी सोडवा. राहायला फोर्ट, सीएसएमटी, गिरगाव हा पट्टा बघा. उपनगरात लॉज थोडं स्वस्त मिळेल, पण सोमवारी पहाटे बोटीसाठी भाऊच्या धक्क्यावर पोचायचं आहे आणि अंधेरीहून ते अंतर अंगावर येतं.

या भागातली जुनी लॉज बहुधा पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असतात. अरुंद लाकडी जिना, खाली दुकानं. फोनवर फक्त ‘पार्किंग आहे का’ विचारलंत तर ‘नाही’ असंच उत्तर येतं, कारण समोरच्याच्या डोळ्यासमोर मोटार असते. ‘सायकल खोलीत किंवा जिन्याखाली कुलपात ठेवू द्याल का’ असं स्पष्ट विचारा आणि होकार मेसेजवर घ्या. तिथे पोचल्यावर मॅनेजर बदललेला असतो, तेव्हा तो मेसेज कामाला येतो. रस्त्यावरच्या खांबाला सायकल बांधून रात्र काढायची नाही, कुलूप कितीही महागाचं असो. जिन्याखाली ठेवलीत तर दिवे, पंप, मीटर आणि सीटखालची पिशवी काढून खोलीत न्या आणि फ्रेमच्या क्रमांकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

नातेवाइकांकडे उतरणार असाल तर दोन गोष्टी आधीच बोलून घ्या. पहिली सोसायटीची: कित्येक इमारतींत सायकल लिफ्टमधून नेऊ देत नाहीत आणि वॉचमन तुम्हाला ओळखत नसतो, तेव्हा यजमानांनी आदल्या दिवशी सेक्रेटरीच्या कानावर घातलेलं बरं. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. विश्रांतीच्या दिवसाला सगळ्यात मोठा धोका मामा-मावशींचा. सायकलवर एवढ्या लांबून भाचा आलाय म्हटल्यावर सकाळी महालक्ष्मी, मग हाजी अली, हँगिंग गार्डनसमोरचा म्हातारीचा बूट, आणि रात्री डोंबिवलीच्या आत्याकडे जेवण हा बेत तुम्ही पोचायच्या आधीच ठरलेला असतो. प्रेमापोटी होतं सगळं, पण सोमवारी पेडल तुम्हालाच मारायचं आहे. ‘शनिवारी रात्री सगळ्यांना भेटतो, तुमच्याकडेच बोलवा’ असं सांगून पाहा. बऱ्याचदा जमतं.

शनिवारीच उरकायची कामं

कपडे शनिवारी दुपारीच धुवा. मुंबईच्या दमट हवेत गादीची सायकलची पँट वाळायला आतल्या भागातल्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो, आणि अर्धवट ओली पँट घालून निघणं म्हणजे मांड्यांना पुरळ हमखास.

सायकलची दुरुस्तीही शनिवारीच. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. चाकाची आरी सैल झाली असेल, ब्रेकचे पॅड झिजले असतील तर आजच बदला. पुढे कोकणातल्या उतारांवर ब्रेक हाच तुमचा खरा सोबती आहे. बाकी काम घरच्या घरी होतं. साखळी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात द्या, कारण खाऱ्या हवेत गंज फार लवकर चढतो, आणि टायरवरून बोट फिरवून काचेचे कण काढा. झालं. रविवारी सायकलला हात लावायचा नाही.

एक सूचना मुद्दाम. रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवर मुंबईच्या सायकलवाल्यांचे जथे निघतात. कोणी ओळखीचं निघालं तर ‘अरे, फक्त एक राउंड’ म्हणून बोलावतील. हलक्या सायकली, रिकामा रस्ता, समुद्राचं वारं, मोह होतोच. ते लोक घरी जाऊन दिवसभर झोपणार असतात. तुम्ही आत्ताच झोपा.

रविवार सकाळ

सायकलचे बूट खोलीत राहू देत. तळाला क्लीट (पेडलला अडकणारा कडक तुकडा) असलेल्या बुटांत मुंबईच्या फरशीवर माणूस घसरतो. साधी मजबूत चप्पल किंवा सँडल घाला, सुती सैल कपडे घाला, बैठकीच्या त्वचेला हवा लागू द्या.

जिन्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण नवख्यांना हे माहीत नसतं. पेडल मारताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. जिना उतरताना तोच स्नायू लांबत असताना शरीराचं वजन पेलतो. सायकलवर असं काम त्याला जवळजवळ पडतच नाही, म्हणून त्याची सवय नसते. असं अनोळखी काम झालं की दुखणं लगेच येत नाही; एक ते तीन दिवसांनी जोर धरतं. म्हणजे रविवारी रेल्वेच्या पुलांवरून जे जिने उतराल त्याची वसुली मंगळवारी, आगरदांडा-दिघीची बोट ओलांडून दिवेआगर, श्रीवर्धनच्या चढांवर होईल. बऱ्याच स्थानकांवर सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. तरुण दिसता म्हणून लिफ्टमध्ये शिरायला लाजू नका.

आठ-साडेआठला न्याहारीला धोबी तलावला जा. तिथलं क्यानी हे इराणी हॉटेल १९०४ पासून चालू आहे. बन मस्का, ऑम्लेट, चहा, आणि भूक असेल तर परत तेच. स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे ताकदीसाठी साठवलेल्या साखरेचा, साठा भरून यायला साधारण एक दिवस जातो आणि त्याला पाव, भात, बटाटा असं पिष्टमय खाणंच लागतं, तेव्हा आज हात आखडू नका.

तिथून सीएसएमटी जवळच. बेस्टच्या वातानुकूलित दुमजली इलेक्ट्रिक बस २०२३ पासून दक्षिण मुंबईत धावतात. सीएसएमटीच्या थांब्यावर नरिमन पॉइंटच्या दिशेची दुमजली बस कोणती ते विचारा आणि वर जाऊन सगळ्यात पुढची सीट पकडा. वातानुकूलित बसचं किमान भाडं १२ रुपये. बसमधूनच डावी-उजवीकडे बघा: एका बाजूला सीएसएमटीची इमारत, समोर महापालिकेचं मुख्यालय. दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखलेल्या, स्थानक १८८८ मध्ये पूर्ण झालेलं, पालिका १८९३ मध्ये. स्थानकाला २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. त्याच्या घुमटाचा आणि दगडी प्राण्यांचा तपशील रस्त्यावरून दिसत नाही इतका वरच्या मजल्यावरून दिसतो.

हुतात्मा चौकात उतरा. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक. एवढ्या लांबून महाराष्ट्र तुडवत आलेल्या माणसाने इथे दोन मिनिटं थांबावंच, हे दर्शनाच्या यादीत धरू नका.

पुढे पाच-सात मिनिटं चालत ओव्हल मैदान. सावली बघून बसा आणि तासभर उठू नका. पूर्वेला उच्च न्यायालय, मुंबई विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, टोकदार कमानी, कोरीव दगड, एकोणिसाव्या शतकातलं गॉथिक. हा सुमारे ८५ मीटर उंचीचा टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि आईचं नाव दिलं. आता मान वळवून पश्चिमेला बघा. तिथे एका रांगेत गोलाकार बाल्कन्या आणि फिकट रंगांच्या आर्ट डेको इमारती, १९३० च्या दशकातल्या. त्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत तिथे त्याआधी समुद्र होता. बॅकबेचा भराव पडला आणि ओव्हल किनाऱ्यापासून आत गेलं. या दोन्ही बाजूंना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दोन शतकांचं वास्तुशिल्प एका जागी बसून, वर क्रिकेटचे दोन-चार सामने फुकट. पायाला याहून स्वस्त पडणारं प्रेक्षणीय स्थळ मला तरी मुंबईत माहीत नाही.

संग्रहालय एकच, आणि छोटं

संग्रहालयात माणूस चालतो, थांबतो, वाकतो, परत चालतो. सरळ चालण्यापेक्षा हे जास्त दमवतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उत्तमच आहे, १९२२ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं, पण मजल्यांमागून मजले आहेत. त्याला वेगळा दिवस द्या.

आजच्यासाठी भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. सीएसएमटीहून धिम्या लोकलने तिसरं स्टेशन, खिडकीशी जागा मिळण्याची शक्यता रविवारी चांगली. भायखळा स्थानकाची जुनी इमारत मूळ रूपात आणण्याच्या कामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, जाता-जाता ती पाहून होते. संग्रहालय राणीच्या बागेच्या आवारातच आहे. १८७२ मध्ये खुलं झालेली एकच आटोपशीर वास्तू, आत जुन्या मुंबईचे नकाशे, कारागिरांच्या आणि निरनिराळ्या समाजांतल्या लोकांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती. दीड तासात निवांत होतं.

बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. हाच तो घारापुरीचा हत्ती, ज्याच्यामुळे पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्लंडला हलवण्याच्या खटपटीत तो फुटला, नंतर तुकडे जोडून उभा केला. घारापुरीला जाण्याचा हट्ट असणाऱ्यांना मी हा हत्ती दाखवतो. बोटीचा जाऊन-येऊन दोन तासांचा प्रवास बसूनच होतो, ते ठीक, पण वर लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि अर्धा दिवस जातो. लेण्यांतली महेशमूर्ती ही मोहिमेच्या मधल्या फटीत बघायची गोष्ट नाही.

राणीच्या बागेत पेंग्विन आहेत. रविवारी तिथे अख्खी मुंबई लेकरांसह लोटते. तुम्ही बाहेर पडा.

दुपारी झोप, संध्याकाळी नाटक

एक वाजेपर्यंत जेवून खोलीवर. वरण-भात, पोळी-भाजी, दही असं साधं जेवण बघा. मुंबईत आलोय तर मासे हवेतच असं वाटतं, पण परवा-तेरवा हर्णैच्या बंदरावर ते समोर उतरणार आहेत. रस्त्यावरचा कापलेला फळांचा डबा आणि बर्फ घातलेली सरबतं आज नको. पोट बिघडलं तर सोमवारी बोटीवर कळेल. दीड तास झोपा, गजर लावून. पाय भिंतीला वर टेकवून पडलात तर उत्तम.

संध्याकाळी मराठी माणसाने या शहरात काय करावं याला माझं उत्तर नाटक. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत नाट्यमंदिर, प्रभादेवीचं रवींद्र नाट्यमंदिर. रविवारच्या वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती बघा आणि दुपारचा प्रयोग निवडा. रात्रीचा नको, तो संपेपर्यंत तुमची झोपेची वेळ उलटते. अडीच तास थंड हवेत, मऊ खुर्चीत. मध्यंतरात बटाटावडा.

दादरला जायला मेट्रो ३ सोपी. ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण ३३.५ किलोमीटर धावते आणि सीएसएमटी, गिरगाव, सिद्धिविनायक, दादर ही सगळी तिची स्थानकं. खिडकीतून अंधाराशिवाय काही दिसत नाही, पण रेल्वेच्या मेगाब्लॉकशी संबंध नाही आणि जिने सरकते. सकाळी लोकल बघण्यासाठी, संध्याकाळी मेट्रो पायांसाठी. रिक्षा शोधू नका. दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत, त्या वांद्रे आणि सायनच्या पलीकडे. इकडे टॅक्सी.

नाटकाची आवड नसेल तर मरीन ड्राइव्हचा कट्टा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. पाचला नरिमन पॉइंटच्या टोकाकडे जाऊन बसा. चौपाटीच्या बाजूला रविवारी फार गर्दी असते.

नाटक सुटल्यावर दादरलाच थालीपीठ किंवा साबुदाणा वडा आणि पियूष घेऊन साडेनवाला अंथरुणात. बॅगा दुपारीच भरून ठेवल्या असतील तर.

सोमवारी पहाटे, भाऊचा धक्का

माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. मोटारी पोटात घेणारी मोठी बोट आहे, सायकलही घेते, तासाभरात पोचवते. तिकीट आधी ऑनलाइन काढा. माणसाचं वेगळं, सायकलचं वेगळं. सुटण्याच्या वेळा हंगामानुसार बदलतात, त्या आदल्या रात्री तपासा आणि पाऊण तास आधी पोचा. फोर्टकडून पी. डिमेलो रस्त्याने जाल तर बंदराचे ट्रक असतात, म्हणून उजाडायच्या आत निघा आणि मागचा दिवा लावा. धक्क्यावरूनच रेवसला लाकडी लाँचही जाते, ती स्वस्त पडते, पण सायकल बॅगांसकट हाताने उचलून चढवावी लागते आणि एकट्याला ते जड जातं.

बोटीऐवजी रस्त्याने पनवेल, पेण करत जाण्याचा विचार कोणी सुचवला तर ऐकू नका. शहराची गर्दी आणि मग गोवा महामार्गाचे ट्रक यांत पूर्ण दिवस जातो आणि कालचा आराम वाया.

बोटीत सायकल खालच्या डेकवर लावतात. कर्मचारी सांगतील तिथे रेलिंगला दोरीने किंवा लवचीक पट्ट्याने बांधा, मोटारीच्या दाराला लागणार नाही एवढं बघा आणि वर जाऊन बसा. मांडव्याला उतरताना घाई करू नका. आधी सगळ्या मोटारी निघून जाऊ देत, दहा मिनिटांत रस्ता रिकामा होतो. तिथून अलिबाग सुमारे वीस किलोमीटर. एका दिवसाच्या खंडानंतर पाय सुरुवातीला जड वाटतात, तेव्हा पहिला तासभर हलक्या गिअरवर जा आणि टायरमधली हवा अलिबागला पुन्हा एकदा बघा.